साखरझोप

पहाटे पावणेचारला ऐला उठते.
गजराच्या आधी; गजर नुसता साक्षीला.
बाहेर कुहमोत उणे सव्वीस,
अंगणात बर्फनांगर उभा,
हीटरची वायर जोडून रात्रभर
दावणीच्या जनावरासारखा उबेला ठेवलेला.

आपल्याकडे या वेळच्या झोपेला साखरझोप म्हणतात.
तिच्या भाषेतल्या झोपेत साखर नाही,
म्हणून ती रोज शोधायला निघते,
लोकरी मोजे घालून, दिवा न लावता,
नऊ वर्षांच्या हिल्काच्या खोलीत.

काल सौनात दंडावरचा सेन्सर सुटला,
घामाने, चिकटपट्टीसकट.
नवा सोमवारी येईल.
तोवर सुई आणि बोट, जुनाच रिवाज.
पण उजवा हात सोडून. उजवा कांतेले वाजवायचा,
तारा छेडणाऱ्या बोटांना भोक पाडायचं नाही,
असा करार फ्रीजवर लावलाय, दोघींच्या सह्यांनिशी.

डाव्या करंगळीची कड.
थेंब येईना. बोट गारठलेलं.
ऐला ते आपल्या काखेत धरून बसते,
अंड्यावर कोंबडी बसते तशी.
मग येतो, मोहरीएवढा.

पाच सेकंद.

तीन पूर्णांक एक.
आपल्या मापात छप्पन्न.
कुठल्याही मापात कमीच.

उशाशी लिंगनबेरीचा रस, नळी घालून तयार.
“पी.”
“नाही.”
“दोन घोट.”
“तू माझी आई नाहीस. तू स्वीडिश आहेस.”

साखर उतरली की पोर असं काहीबाही बोलतं.
मागे एकदा म्हणाली होती, पडद्याआड अस्वल शाळा घेतंय
आणि मला उभं केलंय.
ऐला हसत नाही. परक्या बाईच्या अदबीनं म्हणते,
“स्वीडिश तर स्वीडिश. पी.”
पिते.

आता पंधरा मिनिटं.
काही करायचं नाही. हेच करायचं.
ती पलंगाच्या कडेला बसून कालचा दिवस उलटा उसवते:
दोन बटाटे, माशाचं सार, राईच्या पावाची एक चकती,
तक्त्याप्रमाणे युनिट, सुई पोटावर, डावीकडे, बरोबर.
मग सौना. मग उघड्या अंगानं बर्फात उडी,
पुन्हा सौना, पुन्हा उडी,
आणि भावाच्या तोंडावर बर्फ फासून
हिल्का हसली, उचकी लागेपर्यंत.
एवढ्या हसण्याला किती युनिट कमी करायचे
ते तक्त्यात नाही.

फोन थरथरतो. डेपो.
बत्तीस किलोमीटर रस्ता बुजलाय, फाट्यावर दुधाचा टँकर अडकलाय.
“येते,” ती म्हणते. कारण सांगत नाही.
अकरा मिनिटं झालीत.
बारा.
हिल्काच्या मानेवरचा घाम सुकत चाललाय,
हे ती मनगटानं तपासते, यंत्राच्या आधी.

चार पूर्णांक आठ.

मिटल्या डोळ्यांनी चीज-पावाचा अर्धा तुकडा,
गालात तसाच थोडा उरलेला.
शेजारच्या खोलीत सोळा वर्षांचा ओत्सो.
ती त्याच्या खांद्याला हात लावते; तो न बोलता उठतो,
यंत्र घेतो, आपली उशी घेतो,
आणि बहिणीच्या खोलीत जमिनीवर जाऊन आडवा होतो.

वीस मिनिटं उशीर.
फाट्यावर टँकरचे दिवे. मार्त्ती खिडकी खाली करतो.
उशिराबद्दल चकार शब्द नाही.
“किती?”
“चार पूर्णांक आठ.”
तो मान हलवतो, आणि सवयीनं शर्टाच्या आतल्या खिशावर हात ठेवतो,
जिथे त्याचं स्वतःचं इन्सुलिन,
गोठू नये म्हणून छातीशी.

पुढे ती, मागे दूध.
दिव्यांच्या झोतात उधळणाऱ्या या बर्फाला
कुणी साखर म्हणेल.
ऐला म्हणत नाही.
ती फाळ खाली घेते.

सहाला ओत्सोचा संदेश:
सहा पूर्णांक दोन. झोपलीये.
आणि त्याखाली, जरा वेळानं:
जागी झाली. विचारतेय,
ती स्वीडिश बाई कुठे गेली.